हळदीचे फोटो

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या घरात गच्चीवरून तह झाला. पाण्याच्या टाकीच्या दक्षिणेकडची बाजू आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. तिथे बटाट्याचा कीस आणि साबुदाण्याच्या पापड्या. उत्तरेकडची बाजू माझी. हा तह करताना मी फसले हे मला चार दिवसांनी कळलं. या दिवसांत सूर्य अजून दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे आमच्या पाच फुटी टाकीची सावली भर दुपारी बरोब्बर माझ्या वाट्याच्या जागेत तीन फूट लांब पडते. आईंना हे आधीपासून ठाऊक होतं. चाळीस वर्षं त्या याच गच्चीवर वाळवणं घालतायत.

मी वाईत एका पतसंस्थेत नोकरी करते आणि दहा-बारा वर्षं हौसेने फोटो काढते. कॅमेरा सेकंडहँड निकॉन, त्याच्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स. घाट, कृष्णेवरचं धुकं, ढोल्या गणपती, पसरणी घाटातली काटेसावर, मेणवलीची घंटा, जे वाईत कॅमेरा घेतलेला प्रत्येक माणूस काढतो तेच मीही काढलं. हार्ड डिस्कवर चौदा हजारांच्या वर फोटो आहेत. घराच्या भिंतीवर एकच आहे, आमच्या लग्नातला, आणि तो साहजिकच दुसऱ्या कुणीतरी काढलेला.

हळदीचं सुरू झालं ते एका ओढणीपासून. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवांचा हंगाम. कुणाच्या तरी घरी माझ्या पांढऱ्या ओढणीवर हळदीचा हात पुसला गेला. घरी येऊन मी साबण लावणार तेवढ्यात आई म्हणाल्या, "अगं साबण नको, लाल होईल. नुसती पाण्यातून काढ आणि उन्हात टाक. ऊन खातं हळदीला." टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढायला गेले तर डाग गेला होता. फक्त दोरीवर जिथे चिमटा लावला होता, तिथे एक स्वच्छ पिवळा चिमटा उमटला होता. अगदी स्प्रिंगच्या गोलासकट.

मी ती ओढणी हातात घेऊन गच्चीवर किती वेळ उभी होते सांगता येत नाही. हा फोटो होता. कॅमेऱ्याशिवाय, लेन्सशिवाय, पण फोटोच. उजेड जिथे पोचला तिथे एक, नाही पोचला तिथे दुसरं.

रात्री शोधलं तर या प्रकाराला नाव आहे, अँथोटाइप. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली फुलापानांच्या रसांवर उन्हाचा काय परिणाम होतो याचे प्रयोग छापले होते. निळ्या रंगाचा सायनोटाइप त्याने त्याच वर्षी मांडला, आणि तो पुढे इंजिनिअरांच्या ब्लूप्रिंटमधून जगभर गेला. फुलांच्या रसाचा प्रकार मागे पडला, कारण त्याला दिवसचे दिवस ऊन लागायचं. मला मात्र वाटलं, इंग्लंडात लागत असेल, आमच्याकडे उन्हाला काय तोटा?

पहिला प्रयत्न पाण्यात हळद कालवून. ज्याने कधी वरण केलंय त्याला सांगायला नको की हळद पाण्यात विरघळत नाही, नुसती फिरते आणि तळाला बसते. कागदावर भिंत सारवल्यासारखे फराटे उठले. हळदीचा पिवळा रंग ज्याचा, ते कर्क्युमिन, पाण्याला दाद देत नाही, अल्कोहोलला देतं. मग मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणलं. शंभर मिली स्पिरिटला दोन चमचे हळद, बाटली हलवून अर्धा तास ठेवायची, मग जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळायची. खाली उतरतो तो रंग पाहण्यासारखा असतो, केशरासारखा पारदर्शक. हे सगळं गॅसपासून लांब करावं, स्पिरिट पेट घेतं. मी बाथरूममध्ये, रात्री, एका मिणमिणत्या बल्बखाली करायचे. तिथल्या पांढऱ्या फरशा पिवळ्या झाल्या. आमच्या घरातल्या पुरुषाने दात घासता घासता एवढंच विचारलं, "इथे कुणाचं लग्न आहे का?"

कागदाचंही एक प्रकरण झालं. पुण्याला गेले होते तेव्हा अप्पा बळवंत चौकातून दोन प्रकारचे जलरंगाचे कागद आणले. एकावर हळद लावली की छान पिवळी राहायची. दुसऱ्यावर लावल्या लावल्या नारिंगी. बराच विचार केल्यावर लक्षात आलं, कागद पिवळा पडू नये म्हणून काही कागदांच्या लगद्यात चुन्याच्या जातीची पूड घालतात, आणि हळदीला चुना लागला की काय होतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो महागाचा कागद मुलीला चित्रकलेला देऊन टाकला.

शेवग्याची एक डहाळी कागदावर ठेवली, वर जुन्या फोटोफ्रेमची काच, चारही बाजूंनी क्लिपा. अकराला गच्चीवर ठेवली, दोनला उचलली. पानं पिवळी, भोवतालचा कागद फिका साय-रंगाचा. उमटलं होतं, पण इतकं पुसट की दाखवायला गेले तर समोरचा माणूस आधी चष्मा शोधायचा. मुलगी म्हणाली, "आई, हे वरण सांडल्यासारखं दिसतंय." नववीतली मुलं खरं बोलतात.

यातून वाट काढली ती पुन्हा आईंनीच, तीही न विचारता. मी हात धूत होते, साबणाने बोटं लाल झाली, बेसिनमध्ये लाल पाणी. त्या मागून म्हणाल्या, "आमची आई घरी कुंकू करायची. हळकुंडाचे तुकडे लिंबाच्या रसात, टाकणखार घालून. सावलीत वाळवायचे आणि कुटायचे. बाजारचं कुंकू तिने कधी लावलं नाही."

टाकणखार म्हणजे बोरॅक्स. हळदीचा कागद बोरॉन ओळखायला वापरतात, ही रसायनशास्त्रातली जुनी परीक्षा आहे. कर्क्युमिन आणि बोरॉन जुळले की लाल रंग येतो. मी हे दहावी-बारावीत कुठेतरी वाचलंही असेन. पण माझ्या कामाचं ज्ञान आलं ते आईंच्या आईच्या खलबत्त्यातून.

सोड्याचं पाणी आधी मारून पाहिलं होतं. त्यानेही लाल होतं, पण दुसऱ्या दिवशी कागद मळकट तपकिरी, ठिकठिकाणी डाग. मग काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन टाकणखार मागितला. दुकानदाराने "बाळाच्या तोंडाला का?" विचारलं. म्हटलं, नाही, फोटोला. त्याने पुडी बांधली आणि पुढचं काही विचारलं नाही, वाईत माणसं सभ्य आहेत. अर्धा कप कोमट पाण्यात एक चमचा टाकणखार, काचा पुसायच्या फवाऱ्यातून कागदावर. जिथे ऊन लागलं नव्हतं तिथली पिवळी हळद डोळ्यांदेखत लालसर होत गेली, मग विटकरी, मग जुन्या कुंकवासारखी गडद. जिथे उन्हाने हळद खाल्ली होती तिथे जवळजवळ काहीच नाही. साध्या पाण्यात एकदा बुडवून कागद दोरीला लावला. शेवग्याचं एकेक पान मोजता येत होतं. यावेळी चष्म्याची गरज पडली नाही.

पानं, पिसं, लेस, चाळण, सगळं उमटवून झालं. आता माणसं हवी होती.

हळद जिथून येते तिथेच गेले. धोमच्या रस्त्याला माहेरच्या नात्यातल्या एका काकांचं शेत आहे. हळद लावतात अक्षय तृतीयेच्या आसपासपासून, काढणी नऊ महिन्यांनी, म्हणजे ऐन या दिवसांत. पाला आधी कापून नेलेला असतो, मग कुदळीने किंवा नांगराने गड्डे उपसतात आणि बायका ओळीने बसून ते मोडतात. जेठे गड्डे एका बाजूला, हळकुंडं दुसऱ्या बाजूला. कच्ची हळद हातात घेतली तर आल्यासारखीच दिसते. मोडली की आतून तो रंग येतो, आणि एक ओला, मातीचा, थोडा कापरासारखा वास. हळकुंडं शिजवून, पंधराएक दिवस उन्हात वाळवून, पिंपात फिरवून पॉलिश करतात. पूर्वी मोठमोठ्या काहिलींत शिजायची, खाली उसाचं पाचट. आता बहुतेकांकडे ट्रॉलीवरचा वाफेचा कुकर येतो, तासाच्या हिशोबाने. काकांनी एक काहील ठेवलीय, घरच्या हळदीपुरती.

सकाळी सहाला पोचले. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात, पण शिवरात्र अजून यायची होती आणि धरणाकडून येणारं वारं अंगातून आरपार जात होतं. काहिलीवरचं गोणपाट काकांनी उचललं आणि वाफेचा एक भला मोठा ढग वर गेला. मी पुढे सरसावले, कॅमेरा डोळ्याला लावला, सगळं पांढरं. थंडगार लेन्सवर गरम वाफ, दुसरं काय होणार! पदराने पुसली तर आणखी चिकट. वाफ आणि उगवतं ऊन यांची जी गाठ पडायची ती पाच-सात मिनिटंच, आणि ती मी काच पुसण्यात घालवली. काका म्हणाले, "उद्या परत ये, हळद कुठं पळून जाते?" उद्या पतसंस्था होती.

पण ते बरंच झालं. वाफेचे फोटो सगळेच काढतात. मी मोडणीवाल्या बायकांकडे वळले. सहा जणी होत्या. आधी सगळ्या पदर सावरून, मान ताठ करून बसल्या, पासपोर्ट फोटोला बसतात तशा. मीही खाली बसले आणि हळद मोडायला लागले. अर्ध्या तासाने त्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं. त्यातल्या सर्वांत वयस्क मावशींचे हात कोपरापर्यंत पिवळे, नखं तर गर्द केशरी. उन्हं तिरकी होती, त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू उजळलेली. आयएसओ ४००, शटर एकशे पंचविसांश. त्या कशावर तरी हसल्या तेव्हा बटण दाबलं.

निघताना त्या म्हणाल्या, "ताई, कागदावर द्याल ना? मोबाइलवर दावत्यात समदी, देत कुणीच न्हाई."

घरी येऊन मी एक बावळटपणा केला. फोटो कागदावर उतरवायला निगेटिव्ह लागते हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की झेरॉक्सवाल्याकडून पारदर्शक ओएचपी शीटवर निगेटिव्ह छापून घेतली. दिवसभर ऊन दिलं, टाकणखार मारला, आणि कागदावर मावशी प्रकटल्या त्या काळा चेहरा, पांढरे केस काळे, आणि हसरे दात गडद लाल. आईंनी पाहिलं आणि देवघराकडे बघून हात जोडले. हळदीचं गणित उलटं आहे. इथे ऊन रंग आणत नाही, नेतं. त्यामुळे छापायचं सरळ चित्र, पॉझिटिव्ह. ओढणीवरच्या चिमट्याने हेच तर दाखवलं होतं.

दुसरी अडचण, झेरॉक्सच्या यंत्राचा काळा रंग खरा काळा नसतो. उन्हासमोर धरला की त्यातून आरपार दिसतं. मग एकाच चित्राच्या दोन शीट एकावर एक, कडेला टाचणीने नेमक्या जुळवून, सेलोटेप. केसाएवढ्या सरकल्या तर मावशींना दोन नाकं. दुकानातला पोरगा तिसऱ्या खेपेला म्हणाला, "काकू, फोटोपेपरवर कलर प्रिंट काढून देऊ का? वीस रुपयांत होईल."

वीस रुपयांत झालंही असतं. त्याला काय सांगायचं मला सुचलं नाही.

शेवग्याच्या डहाळीला तीन तास पुरले होते, कारण पानातून उजेड जातच नाही. फोटोत काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या सगळ्या छटा असतात, त्यांना जास्त ऊन लागतं आणि नेमकं लागतं. कमी पडलं तर चेहरा मातकट, जास्त झालं तर डोळेसुद्धा उडून जातात. दोन दिवस धरून नऊ-दहा तास, असा माझा अंदाज बसत आला होता. एवढ्यात मार्च लागला.

पतसंस्थेत ज्यांनी काम केलंय त्यांना मार्च म्हणजे काय ते माहीत आहे. वसुली, थकबाकीच्या याद्या, ठेवींची व्याजं, ताळेबंद जुळवणं. सकाळी साडेनऊला घर सोडायचं आणि रात्री आठला परत. सूर्य आणि मी एकमेकांना बघतच नव्हतो. काच सकाळी गच्चीवर ठेवून जायचं आणि कुणीतरी वेळेवर उचलायची, दुसरा मार्ग नव्हता. आईंना विचारलं. त्यांनी आधी कटकट केली. गुडघे, जिना, कावळे. मग म्हणाल्या, "ठेव. पण माझ्या बाजूला ठेव, तुझ्या बाजूला सावली येते." म्हणजे एका महिन्याने कबुली दिली!

पहिल्या दिवशी ऑफिसात चार फोन. "ढग आलाय, काढू का?" "काचेवर चिमणीने घाण केलीय, पुसू का?" मी वसुलीला आलेल्या माणसासमोर दबक्या आवाजात सांगतेय, पुसा पण हलवू नका. तिसऱ्या दिवसापासून फोन बंद झाले. घरी आले तर कागद निघालेला, अंधाऱ्या कपाटात पुस्तकाखाली दाबून ठेवलेला. विचारलं, किती तास दिलेत?

"तास कोण मोजतंय? कीस वाजायला लागला की काढला."

त्यांचा हिशोब असा. ओला कीस पहिल्या दिवशी कापडाला चिकटलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सुटा होतो. मूठभर उचलून परातीत सोडला आणि तो कडकड वाजला की वाळवण झालं. त्याच वेळी माझा कागदही झाला. ढग असले की कीसही उशिरा वाजायचा आणि कागदही उशिरा निघायचा. माझं घड्याळ ढग जमेस धरत नव्हतं, त्यांचा कीस धरत होता. मी मोबाइलवर उजेड मोजायचं एक ॲप घेतलं होतं, ते काढून टाकलं. त्या महिन्यात एकतीस कागद उन्हात गेले, त्यांतले नऊ मनासारखे आले. नऊपैकी सात कीस-मापाने काढलेले.

मधल्या काळात गावात कृष्णाबाईचा उत्सव चालू होता. एकेका घाटावर पाळीपाळीने देवी बसते, मांडव पडतो, कीर्तनं, हळदीकुंकू, महाप्रसाद. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसापासून हा उत्सव चालत आल्याचं सांगतात. दर वर्षी मी खांद्याला कॅमेरा लावून गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी करत फिरते. या वर्षी एकाच संध्याकाळी गेले, तेही ऑफिसातून थेट, कॅमेऱ्याशिवाय. घाटाच्या पायरीवर बसून पंगतीतलं जेवले. समोर पाण्यात मांडवाचे दिवे हलत होते आणि फोटो काढावासा वाटत नव्हता, हे मलाच नवल वाटलं.

मावशींचा चांगला निघालेला कागद, आणि बाकी पाच जणींचेही, मी रविवारी नेऊन दिले. ज्या शेतातली हळद त्यांनी मोडली त्याच शेतातल्या हळदीचा फोटो, हे मी सांगितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मावशींनी कागद नाकाजवळ नेला, वास घेतला आणि म्हणाल्या, "सुरकुत्या समद्या आल्यात की." मग शेजारणीला दाखवला, मग सुनेला.

मी समजावून सांगितलं की हा पक्का नाही. उजेडात ठेवलात तर उडून जाईल. वहीत ठेवा, पेटीत ठेवा. साध्या फोटोला पक्का करणारा हायपो ज्याने सुचवला तो हाच हर्शेल, पण फुलापानांच्या या रंगांना पक्कं करणारं त्यालाही काही गवसलं नाही आणि आजही ते नाही. हर्शेलचं अर्थातच तिथे बोलले नाही. मावशी मान डोलवत होत्या.

रंगपंचमीला बावधनच्या बगाडाला गेलो होतो. गर्दी, धूळ, बैलांच्या बदलत्या जोड्या, हे सगळं वेगळं लिहायला हवं. येताना वाट वाकडी करून मावशींकडे डोकावले. कागद दाराच्या समोरच्या भिंतीवर होता, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी, चार बाजूंनी चिकटपट्ट्या. दारातून दुपारचं ऊन थेट त्यावर येत होतं. चेहरा गेला होता. पदराची कड, हातांची एक गडद जागा आणि हळदीच्या ढिगाचा डोंगरासारखा आकार, एवढं राहिलं होतं.

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "पेटीत ठेवून कुणाला दिसनार? आल्या-गेल्यानं बघितला, नातवानं बघितला. म्हैनाभर झाला की." मग मला चहा दिला आणि पुढच्या वर्षी शेताला कधी यायचं ते ठरवूनच सोडलं. पुढच्या खेपेला नथ घालून बसणार आहेत.

माझ्याकडचे तीन कागद आईंच्या लोखंडी पेटीत आहेत, त्यांच्या शालूच्या घडीत. आपणहून ठेवले त्यांनी. त्यातला एक त्यांचाच आहे, कीस परातीत सोडतानाचा. तो मी त्यांना न सांगता काढला होता आणि त्यांनी न सांगता वाळवला. सूर्य आता बराच वर आलाय, भर दुपारीही टाकीची सावली दोन फुटांपर्यंत येत नाही. मी आनंदाने माझी बाजू झाडून घेतली, तर काल संध्याकाळी आईंनी तिथे जुनी साडी अंथरून चार कोपऱ्यांना विटा ठेवल्या. कुरडयांचा चीक भिजत पडलाय.

तह मोडला का विचारलं तर म्हणाल्या, "सकाळी नऊपर्यंत तुझी, मग माझी."

नऊपर्यंत कसलं ऊन असतं!